चाळीस क्लिक

बाबांची जुनी स्प्रिंगवाली एअर रायफल गेली काही वर्षं कपाटावर पडून होती. साठीनंतर त्यांना मागची साइट धूसर दिसायला लागली, विषय संपला. म्हणून मागच्या रविवारी मी स्कोप घेऊनच साताऱ्याला गेले. स्कोपमध्ये निशाण आणि क्रॉसहेअर एकाच अंतरावर दिसतात, डोळ्याची जवळ-लांब अशी ओढाताण होत नाही.

शेतात मातीचा उंच बांध पाठीशी धरून दहा मीटरवर कागद लावला. पहिला छर्रा तीन सेंटीमीटर खाली. मी लगेच नॉबला हात घातला, तर बाबा म्हणाले, ‘‘एकावर काय ठरतं गं? पाच मार आधी.’’ पाचही जवळजवळ, पण खालीच. चार क्लिक दिले. ढिम्म! स्कोप परत करायचा, हे मनात पक्कं.

मग ट्यूब पेटली. पाव मिनिटाचा एक क्लिक शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर सरकवतो. दहा मीटरवर जेमतेम ०.७. म्हणजे तीन सेंटीमीटरला चाळीसेक क्लिक! मोजून दिले, जमलं.

दहा छर्ऱ्यांनंतर पुन्हा सगळं भरकटलं. स्प्रिंगची रायफल आधी मागे, मग पुढे हिसका देते. त्यात स्कोपच मागे घसरला होता. स्टॉप पिन बसवली, स्क्रू आवळले, पुन्हा पाच.

शेवटी बाबांनी चष्मा काढला, स्कोप मोकळ्या आभाळाकडे धरून आयपीस स्वतःच्या डोळ्याला जुळवली आणि मारला.

काळ्या ठिपक्यात.

आता मला धूसर दिसतंय. रायफल काही परत हातात मिळालेली नाही.