भगंदराची शस्त्रक्रिया आणि रुग्णाची संमती

भगंदराचा उच्चार रुग्ण घरच्या माणसांपाशीही सहसा करीत नाही. पू वाहतो, वस्त्रे डागाळतात, बसणे दुःसह होते. तरी डॉक्टरांकडे जाण्यास महिने लोटतात. एवढे सोसून शस्त्रक्रियेस सिद्ध झालेल्या माणसाची ‘नळी कापून टाकू, बरे वाटेल’ एवढ्यावर बोळवण व्हावी, हे आम्हांस आक्षेपार्ह वाटते.

नळी वरवरची असेल तर ती उघडणे हा सोपा व बहुधा खात्रीचा उपाय आहे. खरा पेच गुंतागुंतीच्या भगंदराचा. तेथे नळी गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूंच्या मोठ्या भागातून जाते आणि ती उघडायची म्हणजे स्नायूही कापायचा. लंडनच्या सेंट मार्क्स इस्पितळातील ॲलन पार्क्स व सहकाऱ्यांनी १९७६ साली भगंदराचे जे वर्गीकरण केले, ते नळीचा या स्नायूंशी असलेला संबंध पाहूनच. स्नायू कापावा तर वायू व मल रोखण्याची शक्ती उणावते. राखावा तर रोग उलटण्याचा संभव वाढतो. प्रसूतीत आधीच इजा झालेल्या स्त्रीस हा धोका विशेष.

स्नायू न कापता नळी मध्येच बांधून तोडण्याची पद्धत थायलंडमधील शल्यविशारदांनी २००७ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडील क्षारसूत्र तर सुश्रुताइतके जुने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने शस्त्रक्रियेशी त्याची तुलना करून १९९१ साली निष्कर्ष मांडले: क्षारसूत्राने व्रण भरण्यास वेळ अधिक लागतो, पण रोग उलटण्याचे प्रमाण कमी. मात्र हा दोराही स्नायू हळूहळू कापतोच. ‘निर्धोक उपचार’ अशा पाट्या लावणाऱ्यांनी तेवढे तरी सांगावयास हवे!

कोणता मार्ग पत्करावा हे शल्यविशारदाने सुचवावे. पण रोग उलटण्याचा धोका पत्करायचा की नियंत्रण गमावण्याचा, हा निर्णय रुग्णाचा आहे. उपचाराचे स्वरूप, पर्याय व मोठे धोके समजल्यावाचून दिलेली संमती खरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच स्पष्ट केले आहे. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याची इंग्रजी छापील कागदावर घेतलेली सही या कसोटीस कशी उतरावी? हे संभाषण मराठीत वा कोंकणीत, आडपडदा न ठेवता, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्यापूर्वी व्हावे.

आणि ते व्रण भरताच संपू नये. वायू आवरतो काय, वस्त्रे डागाळतात काय, हे रुग्ण लाजेने आपणहून सांगणार नाही. डॉक्टरांनीच ते प्रत्येक भेटीत विचारावे व केसपेपरवर नोंदवावे, अशी आमची मागणी आहे.