जखमेवरची पूड आणि दाढेतली कॅप्सूल

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकीच्या फडताळात औषधांचा एक डबा असतोच. कुणाकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा, कुणाकडे श्रीखंडाचा प्लास्टिकचा. त्यात काय काय असतं, आठवून पाहा. अर्धवट पिळलेलं मलम, मागच्या आजारपणातल्या उरलेल्या चार कॅप्सूल, जखमेवर टाकायच्या पावडरची डबी, थोडा कापूस आणि नाव-तारीख पुसली गेलेल्या दोन-तीन गोळ्या. घरात कुणाला लागलं, कापलं, कुणाची दाढ ठणकली की आधी हा डबा उघडतो. डॉक्टरांचं दार त्याच्या पुष्कळ नंतर!

या डब्यातून चालणाऱ्या डॉक्टरकीबद्दल आज बोलायचं आहे. कॅप्सूल फोडायची आणि आतली पूड जखमेवर शिंपडायची, किडलेल्या दाढेत ती कापसाने दाबून ठेवायची, हे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. सासूने सुनेला सांगितलेलं, शेजारणीने शेजारणीला. आणि बायका हे मूर्खपणाने करतात असं मुळीच नाही. दातांचा डॉक्टर तालुक्याला, जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं वेगळं, शिवाय तिथे किती बिल होईल याची धास्ती. मग वाटतं, दातच तर आहे, दातानं कुणी मरतं का?

आमच्या बचत गटातली एक वहिनी अशीच आठवडाभर गालाला पदर लावून बैठकीला येत होती. विचारलं तर म्हणाली, "ताई, काही नाही हो, दाढेत कॅप्सूल भरतेय रोज. थोडं बरं वाटतं." पुढच्या आठवड्यात तिचा गाल डोळ्यापर्यंत सुजला, तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, अंगात ताप. आम्ही दोघी-तिघींनी तिला रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी पू काढला, औषधं सुरू केली, नंतर दाढ काढली. ते एकच वाक्य बोलले, "आणखी दोन दिवस थांबला असता, तर सूज गळ्यात उतरून श्वास अडकला असता."

असं का होतं, हे समजून घेऊ या. दाढेच्या आत एक नाजूक गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. कीड तिथवर पोचली की हा गाभा सडतो, मरतो. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणून पोटात घेतलेलं औषधही तिथे नीट पोचत नाही. आणि वरून दाबलेली पूड? ती लाळेबरोबर तासाभरात वाहून जाते. जंतू मात्र मुळाशी, हाडाजवळ. तिथवर ही पूड जातच नाही. पू बाहेर काढणं, दाताची मुळं आतून साफ करणं, नाहीतर दात काढणं, हाच तिथला खरा उपाय. उलट कित्येकजणी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरतात. त्याने हिरडी भाजते, पांढरी पडते. म्हणजे दुखणं एक होतं, त्याची दोन झाली!

मग दातांचे डॉक्टर जंतूंवरचं औषध दातात-हिरडीत लावतच नाहीत का? लावतात. हिरड्या सैल पडून दाताशेजारी खोबण झाली असेल, तर खरवडून साफ केल्यावर काही वेळा तिथे औषधी जेल भरतात. मुळांची सफाई केल्यावर काही रुग्णांच्या दातात औषधाची पेस्ट थोडे दिवस ठेवतात. पण क्रम पाहा. आधी सफाई, मग औषध. आपण घरी पहिली पायरी गाळतो आणि दुसरीवर भिस्त ठेवतो.

जखमेचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांजवळ सल्फा औषधाची पुडी दिलेली असे. जखम झाली की ती पूड वरून टाकायची. पण जखम नीट धुणं आणि मेलेलं मांस काढून टाकणं याला ती पूड पर्याय नाही, हे अनुभवाने दिसलं आणि पूड शिंपडण्याची पद्धत मागे पडली. १९९६ मध्ये अमेरिकेत ९०० हून अधिक रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्वचेवरच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर काहींना अँटिबायोटिक मलम दिलं आणि काहींना साधी पेट्रोलियम जेली. जंतुसंसर्ग होण्यात दोन्हींत फारसा फरक पडला नाही. म्हणजे स्वच्छ, लहानशा जखमेला दर वेळी महागडं मलम लागतंच असं नाही.

याचा अर्थ ही मलमं वाईट, असा घेऊ नका हं. लहान मुलांच्या तोंडाभोवती पिवळट खपली धरणारे फोड येतात, तिथे डॉक्टरांनी दिलेलं मलम छान काम करतं. पण ते सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस. काही मलमांतल्या निओमायसिनची कित्येकांना ॲलर्जी येते. जखम लाल होते, खाजते, आणि आपण "अजून बरी झाली नाही" म्हणून तेच मलम आणखी थापतो! खाजेसाठी मिळणाऱ्या काही मलमांत तर स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्याने गजकर्ण दबल्यासारखं वाटतं आणि आतून पसरत जातं.

यातली सगळ्यात मोठी धास्ती वेगळीच आहे. अर्धवट, अवेळी औषध दिलं की लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट उरतात. तेच पुढे वाढतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेतानाच्या व्याख्यानात हा इशारा दिला होता. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उद्या आपल्याच लेकीच्या बाळंतपणात औषध लागू पडलं नाही, तर काय करणार? म्हणून औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, की चिठ्ठीशिवाय ते घ्यायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मग घरी काय करायचं? लहान जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा, झाकून ठेवा. हळद, चुना, तंबाखू, चहापूड काही भरू नका. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं गार पाणी सोडा, टूथपेस्ट लावू नका. कुत्रं चावलं तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. माती-गंजाची जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम कितीही लहान असो, डॉक्टरांना दाखवा. जखमेभोवती लाली पसरली, पू आला, ताप भरला तर थांबू नका. दाढेसाठी लवंगेचं तेल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या ठीक, पण त्या फक्त डॉक्टरांकडे पोचेपर्यंत. चेहरा सुजला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी निघा.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केले आहेत. आपल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, हे बचत गटातल्या एकीने जाऊन विचारावं आणि सगळ्यांना सांगावं. डॉक्टरच नसतील, तर गटाने मिळून अर्ज द्यावा. घराघरातून कॅप्सूल फोडत बसण्यापेक्षा हे काम केव्हाही मोलाचं.

मुलाचा दात दुखला तर आपण धावतो, नवऱ्याचा दुखला तर रजा काढायला लावतो. स्वतःचा दुखला की मात्र पदर गालाला लावून भाकऱ्या थापतो. मैत्रिणींनो, हे आता पुरे. आज तो डबा उतरवा, उरलेल्या कॅप्सूल आणि जुनी मलमं बाजूला काढा, आणि जी दाढ दोन महिने ठणकतेय, तिच्यासाठी या आठवड्यातला एक दिवस ठरवून टाका.