चुलीत साठवलेलं धान्य

चुलीत धान्य साठवणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे? नाही ना? मग लिनक्स सर्व्हरवर वेब-ॲप्लिकेशन बसवणारा एखादा उत्साही तरुण गाठा. तीही हौस फिटेल.

हे महाशय प्रोग्रॅम आणतात, एका फोल्डरात ओततात आणि लोकांनी चढवलेले फोटो, पावत्या, अर्ज सगळं त्याच फोल्डराच्या पोटात कोंबतात. वर आम्हालाच ऐकवतात, "काका, सगळं एका जागी असलं की सापडायला बरं!" सापडायला बरं, हे कबूल. पण कोणाला?

लिनक्सच्या वाडवडिलांनी घराची वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. तिचा पहिला कागद १९९४ सालचा. प्रोग्रॅम 'यूएसआर'मध्ये, सेटिंग 'ईटीसी'मध्ये, रोज बदलणारा ऐवज 'व्हार'मध्ये. लोकांपुढे मांडायच्या मालासाठी २००४ साली 'एसआरव्ही' नावाची वेगळी खोलीसुद्धा काढून दिली. एवढी नीट वाटणी आमच्या भाऊबंदांत झाली असती, तर वकिलांच्या तीन पिढ्या उपाशी मेल्या असत्या.

पण ऐकतो कोण? वर्डप्रेसची नवी आवृत्ती हाताने चढवायची असेल तर सूचना अशी, की अमुक दोन फोल्डर खुशाल पुसा, पण 'डब्ल्यूपी-कंटेंट'ला हात लावू नका, लोकांचे फोटो त्यात आहेत. म्हणजे वाडा पाडा, पण देवघर तेवढं जागच्या जागी राहू द्या! आमच्या ओळखीच्या एका वाचनालयात अशाच पाडकामात देवघरही गेलं. चार पेन्शनरांनी दोन उन्हाळे खपून जुन्या अंकांची पानं स्कॅन केली होती. ती गेली ती गेलीच. प्रोग्रॅम मात्र पाच मिनिटांत पुन्हा मिळाला, तोही फुकट!

मेख इथेच आहे. प्रोग्रॅम पुन्हा आणता येतो, माणसांनी जमवलेलं आणता येत नाही. दोन्ही वेगळं ठेवा, मग बॅकअप कशाचा घ्यायचा हे शेंबडं पोरही सांगेल.

त्यातून तो ७७७! फाइल चढत नाही म्हटलं की हा गृहस्थ परवानगीचा हा आकडा ठोकून मोकळा. मालक, त्याचा गट आणि उरलेले सगळे, तिघांनाही वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. कुलूप लागत नाही म्हणून दारच उपटून ठेवण्यातला प्रकार. त्यात हा फोल्डर संकेतस्थळाच्या ओसरीवर उघडाच. मग कोणी तुमच्या पावत्या वाचून जातो, तर कोणी फोटोच्या नावाखाली प्रोग्रॅमच चढवतो आणि सर्व्हर तो इमानेइतबारे चालवतो.

"लहानशा साइटला एवढा थाट कशाला?" असं विचारतात. थाट कसला, बाबा? एक वेगळा फोल्डर, तोही ओसरीबाहेर. नेक्स्टक्लाउडसारख्या प्रोग्रॅमात तर त्याचा पत्ता बसवतानाच सेटिंगच्या एका ओळीत लिहिता येतो.

तेवढी ओळ लिहायचा ज्याला कंटाळा, त्याने खुशाल चूल पेटवावी. फक्त आमचं धान्य तिच्यापासून चार हात लांब ठेवावं.