मानेला वजन लावण्यापूर्वी

“डॉक्टर, मणक्यात गॅप आहे म्हणे. दहा दिवस मानेला वजन लावून घेऊ का?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हातात एक्स-रे असतो. पण कोणी हाताची ताकद, संवेदना तपासली का, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘नाही’ असते.

आधी ट्रॅक्शन समजून घ्या. रुग्णाला पाठीवर झोपवून हनुवटी आणि डोक्याच्या मागे पट्टा बांधतात. मशीन मान ओढते, काही सेकंद धरते, मग सैल सोडते. असे साधारण १५ ते २० मिनिटे चालते. सुरुवात ३ ते ५ किलोपासून करतात. ओढ असताना मणक्यांमधली जागा किंचित वाढते आणि नसेवरचा दाब हलका होतो. मात्र झिजलेली गादी यामुळे भरून येत नाही.

माझे स्पष्ट मत असे: नुसती मान दुखते म्हणून ट्रॅक्शन घेऊ नका. मानेतून हातात कळ जात असेल, मुंग्या येत असतील आणि तपासताना मान हाताने हलकी ओढल्यावर कळ कमी होत असेल, तर जरूर करून पाहा. तेही व्यायामाच्या जोडीने. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात ट्रॅक्शनच्या बाजूने किंवा विरोधात ठाम पुरावा मिळाला नव्हता. शिवाय नस दबल्याचा त्रास बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतो. मग श्रेय मशीनला जाते!

संधिवात (र्‍हुमॅटॉइड), हाडांचा ठिसूळपणा, मणक्याचा फ्रॅक्चर, गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल तर ट्रॅक्शन धोक्याचे ठरू शकते. शर्टाची बटणे लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी मशीनवर न झोपता लगेच तज्ज्ञांना दाखवा.

म्हणून दहा दिवसांचे पैसे आगाऊ भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: माझे निदान काय? वजन किती आणि का? दोन-तीन वेळा घेऊन फरक पडला नाही तर पुढे काय? आणि ट्रॅक्शन चालू असताना कळ वाढली, चक्कर आली किंवा जबडा दुखला, तर संकोच न करता ‘थांबवा’ म्हणा. मान तुमची आहे.