ईशान्य मुंबईचा मतदार चंचल नाही

ईशान्य मुंबईत लोकसभेची निवडणूक आली की एक वाक्य मुलुंडच्या कट्ट्यांपासून वृत्तवाहिन्यांच्या चर्चांपर्यंत सगळीकडे फिरू लागतं : इथला मतदार एकदा निवडून दिलेला खासदार पुन्हा दिल्लीला पाठवत नाही. कुणी याला मतदारसंघावरचा शाप म्हणतं, कुणी मतदाराचा चंचलपणा. पुराव्यादाखल नावांची यादी दिली जाते. १९८४ गुरुदास कामत, १९८९ जयवंतीबेन मेहता, १९९१ कामत, १९९६ प्रमोद महाजन, १९९८ पुन्हा कामत, १९९९ किरीट सोमय्या, २००४ परत कामत, २००९ संजय दिना पाटील, २०१४ सोमय्या, २०१९ मनोज कोटक आणि २०२४ मध्ये पुन्हा संजय पाटील. अकरा निवडणुका झाल्या आणि लागोपाठ दोनदा एकही नाव आलं नाही.

यादी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, आणि त्याचा फायदा उठवणारे आहेत म्हणून तो खोडून काढणं गरजेचं आहे.

पहिला प्रश्न असा की यादी १९८४ पासूनच का सुरू होते? तिच्या आधीची पानं उलटली की शापाची कथा तिथेच संपते. १९७७ मध्ये इथून जनता पक्षाचे सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. आणीबाणीविरोधी लाटेत ते आले, असं म्हणून तो निकाल बाजूला ठेवता येईल. पण १९८० चं काय? त्या वर्षी इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन सत्तेवर परतल्या. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३९ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. जनता पक्षाची शकलं झाली होती, त्याचं सरकार आपसातल्या भांडणांतच कोसळलं होतं. तरीही ईशान्य मुंबईने स्वामींनाच पुन्हा निवडलं. इतकंच नव्हे, मुंबईतल्या सहापैकी पाच जागा त्या वर्षी जनता पक्षाकडे गेल्या. सगळा देश एका बाजूला झुकत असताना हे शहर तीन वर्षांपूर्वीच्या आपल्या निर्णयाला धरून राहिलं. त्याला चंचल म्हणायचं असेल तर स्थिर कशाला म्हणायचं, हे आधी ठरवावं लागेल.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे आणि तिच्याकडे आश्चर्य वाटावं इतकं दुर्लक्ष होतं. मतदाराने खासदाराला नाकारलं असं म्हणायचं तर तो खासदार निवडणुकीला उभा असायला हवा. २००९ मध्ये कामत इथून उभेच नव्हते. जागावाटपात हा मतदारसंघ राष्ट्रवादीकडे गेला, कामत वायव्य मुंबईतून लढले आणि जिंकले. २०१९ मध्ये सोमय्या विद्यमान खासदार होते, पण मित्रपक्ष शिवसेनेच्या विरोधापुढे भाजपने त्यांची उमेदवारी कापली. २०२४ मध्ये कोटक विद्यमान खासदार होते, त्यांनाही डावलून मुलुंडचे आमदार मिहिर कोटेचा यांना तिकीट मिळालं. गेल्या चार निवडणुकांपैकी तीन वेळा विद्यमान खासदाराचं नाव मतदारापुढे आलंच नाही. पक्षाच्या कार्यालयात घेतलेल्या निर्णयाचा दोष भांडुपच्या चाळीतल्या मतदारावर टाकणं हा उघड अन्याय आहे.

यावर कुणी म्हणेल, १९८४ ते २००४ या काळात तर विद्यमान खासदार उभे राहून पडले. हा आक्षेप वजनदार आहे, तो टाळण्याचं कारण नाही. १९९८ मध्ये महाजन पडले, १९९९ मध्ये कामत पडले, २००४ मध्ये सोमय्या पडले. पण त्या वर्षांत दिल्लीत काय चाललं होतं ते आठवावं. १९८९ ची लोकसभा सव्वा वर्षात विसर्जित झाली. १९९६ ची दोन वर्षंही टिकली नाही. १९९८ ची तर एका मताने सरकार पडून तेरा महिन्यांत संपली. एका दशकात पाच लोकसभा निवडणुका लादल्या गेल्या, आणि त्या ईशान्य मुंबईच्या मतदाराने मागितल्या नव्हत्या. जयवंतीबेन, महाजन आणि १९९८ चे कामत या तिघांपैकी कुणालाही पाच वर्षं मिळाली नाहीत. यादीतली नावं भराभर बदललेली दिसतात ती मुख्यत: संसदच भराभर मोडत होती म्हणून.

शिवाय त्याच यादीत कामतांचं नाव चार वेळा आहे. चार वेळा ज्याला निवडून दिलं त्याला हा मतदार विसरला, असं कसं म्हणणार? हरवलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा हरवलं, पुन्हा बोलावलं. एका प्रतिनिधीला वीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवून त्याच्याशी चाललेला हा हिशेब आहे.

महाजनांच्या पराभवाचं कारण शोधायला शापापर्यंत जावं लागत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला लोकसभेची निवडणूक झाली. रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी त्यांचा समझोता झाला आणि महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून गेले. ईशान्य मुंबईत महाजन पडले. ज्या मतदारसंघाच्या हद्दीत ते दहा मृत्यू झाले तिथल्या लोकांनी सत्ताधारी आघाडीच्या उमेदवाराला मत नाकारलं असेल, तर त्याला लहर म्हणायला माझी जीभ धजत नाही. मतपेटीचं काम तेच असतं.

आता २००९ पासूनच्या आकड्यांकडे येऊ, कारण सगळ्या वादाचा निकाल तिथे लागतो. त्याआधी एक नोंद. २००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघाच्या सीमाच बदलल्या. आजच्या ईशान्य मुंबईत मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. चेंबूर आता दक्षिण मध्य मुंबईत आहे. म्हणजे कामतांचा मतदारसंघ आणि आजचा मतदारसंघ नावाने एक असले तरी भूगोलाने एक नाहीत. सरळ तुलना करायची तर ती २००९ नंतरच्या चार निवडणुकांचीच करता येते.

२००९ मध्ये संजय पाटलांना २,१३,५०५ मतं मिळाली, सोमय्यांना २,१०,५७२ आणि मनसेच्या शिशिर शिंदेंना १,९५,१४८. पाटील २,९३३ मतांनी जिंकले. तिघांना मिळून सहा लाखांहून अधिक मतं, आणि विजेत्याच्या वाट्याला त्यांतला जेमतेम तिसरा हिस्सा. २०१४ मध्ये सोमय्यांनी ५,२५,२८५ मतं घेऊन पाटलांना तीन लाख सतरा हजारांनी हरवलं, आणि मतदाराने पाच वर्षांत पाठ फिरवली असं सगळीकडे छापून आलं. पाटलांची त्या वर्षीची मतं किती होती? २,०८,१६३. जिंकले तेव्हापेक्षा फक्त ५,३४२ कमी. २००९ मध्ये जितक्या लोकांनी पाटलांना मत दिलं, जवळजवळ तितक्याच लोकांनी २०१४ मध्येही दिलं. फरक समोरच्या बाजूला पडला होता. मनसेचा उमेदवार रिंगणात नव्हता, आधी दोघांत वाटली गेलेली मतं एकत्र आली आणि मोदी लाटेने वाढलेलं मतदानही तिकडेच वळलं. लाट नव्हती असं मी म्हणत नाही. लाटेने पाटलांचा मतदार वाहून गेला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

२०१९ मध्ये सोमय्या गेले, कोटक आले. त्यांना ५,१४,५९९ मतं पडली. उमेदवार बदलूनही पाच लाखांत दहा-अकरा हजारांचा फरक! पाटलांची मतं वाढून २,८८,११३ झाली. मग २०२२ मध्ये शिवसेना फुटली. पाटील तोवर शिवसेनेत गेले होते आणि २०२४ मध्ये ते ठाकरे गटाचे उमेदवार म्हणून महाविकास आघाडीकडून उभे राहिले. त्यांना ४,५०,९३७ आणि कोटेचांना ४,२१,०७६ मतं मिळाली. भाजपच्या उमेदवाराची मतं त्र्याण्णव हजारांनी घटली आणि पाटलांची एक लाख बासष्ट हजारांनी वाढली. वर्षानुवर्षं भाजपच्या खात्यात मोजली गेलेली शिवसेनेची मतं या वेळी दुभंगली, हे समजायला फार मोठं गणित लागत नाही.

या चार निवडणुकांत भांडुप-विक्रोळीतल्या माणसाचं राजकीय मन जितकं बदललं, त्याच्या कितीतरी पट पक्षांच्या युत्या बदलल्या. सर्वांत जास्त मतं त्याची जागा, या आपल्या पद्धतीत एक तिसरा उमेदवार उभा राहिला किंवा बसला तरी निकाल उलटतो. निकाल हलला की मतदारच हलला, असं समजणारे समीक्षक पाण्याऐवजी भांडं मोजतात.

चंचलपणाच्या आरोपाशेजारी दुसरी एक समजूत कायम नांदते. इथे सगळं जातीधर्माच्या आणि भाषेच्या गणितावर ठरतं, मुलुंड-घाटकोपरचा गुजराती एकीकडे, भांडुप-विक्रोळीचा मराठी दुसरीकडे, मानखुर्द-गोवंडीचा मुसलमान तिसरीकडे, असं ती सांगते. या समजुतीला इतिहासाने फार लवकर उत्तर दिलं आहे. १९६७ मध्ये काँग्रेसने कृष्ण मेनन यांना उमेदवारी नाकारली. आधीच्या दोन निवडणुका उत्तर मुंबईतून जिंकलेले मेनन अपक्ष म्हणून ईशान्य मुंबईत उतरले. नुकत्याच जन्मलेल्या शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. काँग्रेसचे स. गो. बर्वे, पानशेतच्या पुरानंतर पुणं उभं करणारे सनदी अधिकारी, सुमारे तेरा हजार मतांनी जिंकले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. दक्षिणेतला परका उमेदवार मराठी वस्तीने परतवला, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि तो अजून लावला जातो. मग दहाच वर्षांनी त्याच मतदारसंघाने चेन्नईत जन्मलेल्या स्वामींना कसं निवडलं, आणि तेही दोनदा? तमिळ स्वामी, गुजराती जयवंतीबेन, मराठवाड्यातून आलेले महाजन, भांडुपचे पाटील हे सगळे ज्या मतदाराने पाठवले तो केवळ आडनाव वाचून बटण दाबतो, हे मला पटत नाही.

२०२४ च्या निकालानंतर ही समजूत अधिक विखारी झाली. मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये पाटलांना मोठी आघाडी मिळाली म्हणून तो विजय जणू खरा विजयच नव्हे, असं बोललं गेलं. मुलुंडमध्ये कोटेचांनाही मोठी आघाडी होती. तिच्यावर कुणी बोट ठेवलं नाही, आणि ठेवूही नये. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराखाली राहणाऱ्या बाईचं मत आणि मुलुंडच्या इमारतीत राहणाऱ्या बाईचं मत सारखंच मोजलं जातं, यावर ज्याचा विश्वास नाही त्याने निवडणुकीबद्दल बोलूच नये. २०१४ आणि २०१९ मध्येही मानखुर्द-शिवाजीनगर याच मतदारसंघात होतं आणि तेव्हा भाजप दोन-तीन लाखांनी जिंकला होता. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेला सहापैकी चार जागा महायुतीकडे गेल्या, विक्रोळी ठाकरे गटाकडे आणि मानखुर्द समाजवादी पक्षाकडे राहिली. कुण्या एका वस्तीने हा मतदारसंघ ओलीस धरला असता तर असे निकाल लागले नसते.

तर मग या मतदारसंघाबद्दल खरं काय म्हणता येईल? माझं ठाम मत असं की हा मुंबईतल्या सर्वांत प्रामाणिक लढतींचा मतदारसंघ आहे. इथे कुणाचाही गड नाही. एका टोकाला मध्यमवर्गीय मुलुंड, मधे कारखाने बंद पडताना पाहिलेली भांडुप-विक्रोळीची कामगार वस्ती आणि दुसऱ्या टोकाला शहराने हाकलून दिलेल्यांचं मानखुर्द, एवढं सगळं एकत्र आल्यावर कुठल्याही पक्षाला दर वेळी नव्याने जोडणी करावीच लागते. जो जोडतो तो जिंकतो. ज्याची जोडणी तुटते तो हरतो, मग तो प्रमोद महाजनांसारखा मातब्बर नेता का असेना. याचा उपनगरातल्या लोकांना अभिमान वाटायला हवा.

आणि शापाच्या कथेचा तोटाही त्यांनाच होतो. ‘इथे खासदार टिकतच नाही’ असं एकदा सर्वांनी मानलं की तिकीट कापणाऱ्या पक्षाला कुणी कारण विचारत नाही. खासदारालाही पुढच्या वेळचा हिशेब देण्याची गरज उरत नाही. इथले कितीतरी प्रश्न थेट दिल्लीशी बांधलेले आहेत. कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांच्या जमिनींवर केंद्राचा दावा आहे. कांजूरमार्गच्या मेट्रो कारशेडवरून केंद्र आणि राज्य न्यायालयात भांडले. धारावीतल्या लोकांना मुलुंडमध्ये आणून वसवण्याचा प्रश्न २०२४ च्या प्रचारात पेटला. मध्य रेल्वेच्या आणि हार्बरच्या गर्दीचा निर्णय रेल्वे मंत्रालयात होतो. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारं देवनार हलवायचं तर एका माणसाने दहा वर्षं पाठपुरावा करावा लागेल. पाच वर्षांनी पक्षच ज्याला बाजूला करणार आहे तो असं काम अंगावर कशाला घेईल?

म्हणून पुढच्या वेळी कुणी शापाचं वाक्य म्हणालं तर त्याला २०१४ ची आठवण द्यावी. विद्यमान खासदार या मतदारसंघात निवडणुकीला उभा राहिला अशी ती शेवटची वेळ. २०२९ मध्ये पाटील उभे राहिले तर विद्यमान खासदाराला जोखण्याची संधी इथल्या मतदाराला पंधरा वर्षांनी मिळेल. ते उभे राहिले नाहीत, तर त्यांची उमेदवारी कुणी आणि का रोखली, हे मुलुंड ते मानखुर्द प्रत्येक सभेत पक्षाच्या नेत्यांना विचारलं गेलं पाहिजे.