मुले तीन, पगार एकाचा!

वाचकहो, एक साधा हिशेब आपणांपुढे मांडतो. कोल्हापुरातील एका सुखवस्तू घरी एक भगिनी तान्हे मूल सांभाळण्यास राहिली. पुढे त्या घरात दुसरे मूल जन्मले. नंतर धाकट्या जावेचे मूलही दिवसभर तिच्याच हाती येऊ लागले. मुले एकाची तीन झाली. पगार मात्र पहिल्या दिवशी ठरला तोच राहिला. तिने वाढ मागताच उत्तर मिळाले, "तू तर घरचीच आहेस. जेवण मिळते, दिवाळीला साडी मिळते, आणखी काय हवे?" माझ्याकडे सल्ल्यास आली तेव्हा तिने विचारले, "वकीलसाहेब, मी घरचीच, तर माझा कप वेगळा का?"

ही 'घरची' म्हणण्याची भाषा आपणांस नवी आहे काय? कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदल्याला मोजमाप नाही आणि जे पदरात पडेल ते उपकार म्हणून घ्यावयाचे, हेच महारकीच्या वतनाचे स्वरूप होते. याच करवीरनगरीतून राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली ती पद्धत बंद केली. डॉ. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 साली किमान वेतनाचे विधेयक मांडले व 1948 साली त्याचा कायदा झाला. या दोहोंमागील तत्त्व एकच: वेतन हा हक्क आहे, बक्षिसी नव्हे.

परंतु हे तत्त्व घराच्या उंबरठ्याशी येऊन अडखळते. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ झाले. पण तो कायदा नोंदणीचा व साहाय्याचा आहे, वेतनाचा दर ठरविणारा नव्हे. आपल्या शेजारच्या कर्नाटकाने तर 2004 सालीच घरकामगारांसाठी किमान वेतन जाहीर केले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम म्हणजे संविधानाच्या कलम 23 ने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितले. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करावा, असे त्याच न्यायालयाने 2025 साली केंद्र सरकारला बजावले. तो कायदा होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या घरचा व्यवहार आपण न्यायाने करण्यास कोणाची आडकाठी आहे?

तो असा करावा. प्रथम तास मोजावेत. उदाहरणादाखल तासाला 75 रुपये दर धरू. रोज 8 तास म्हणजे 600 रुपये आणि महिन्याचे 26 दिवस धरता 15,600 रुपये. हे झाले एका मुलाचे. पुढील प्रत्येक मुलामागे या रकमेचा निदान चौथा हिस्सा, म्हणजे 3,900 रुपये, वाढवावा, असे माझे मत आहे. तीन मुलांचे 23,400 रुपये होतात. हा आकडा मोठा वाटेल. परंतु तीन मुलांसाठी तीन बायका ठेवल्या असत्या तर 46,800 रुपये लागले असते. म्हणजे मालकांचे निम्मे पैसे वाचतातच. सगळेच वाचवावे, हा लोभ मात्र अन्याय होय. कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर मिळतो. मग रात्री उशिरापर्यंत मूल निजविणाऱ्या बाईला तो का मिळू नये? आठवड्याची सुटी भरपगारी असावी. जेवण व जुने कपडे पगारात धरू नयेत. हे सर्व पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

कोणी नोकरदार माता म्हणेल, "माझाच पगार तुटपुंजा, मी कोठून देऊ?" तिची अडचण खरी आहे. तिने शेजारच्या कुटुंबाबरोबर खर्च वाटून घ्यावा. 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असे बंधन 2017 पासून कायद्यात आहे. ते आपल्या मालकाकडे ठणकावून मागावे. आपल्या मालकाने न दिलेले आपल्याहून दुबळ्या स्त्रीकडून वसूल करणे हा न्याय नव्हे.

शेवटी एक कटू गोष्ट. आज आपल्यांतही अधिकारी, प्राध्यापक, वकील झाले आहेत. आपल्याही घरी मुले सांभाळण्यास बाई येते. बहुधा ती आपल्याच एखाद्या वस्तीतून येते. तिचा पगार आपण कसा ठरविला, मुले वाढली तेव्हा तो वाढविला काय, हे प्रत्येकाने आज रात्री स्वतःस विचारावे. आणि स्वयंपाकघरात जाऊन तिचा कप कोणत्या फळीवर आहे, तेही पाहावे.