बघायला निमित्त कशाला हवं?

‘चित्रं बघून पोट भरतं का?’ हा प्रश्न आपल्या बैठकांत कुणी ना कुणी विचारतंच. पाणी, रेशन, घरातली मारहाण, कोर्टाच्या तारखा यांतून डोकं वर काढायला फुरसत नाही, आणि ही बाई म्हणते कॉलेजच्या मुलींना चित्रं बघायला घेऊन जाऊ! विचारणाऱ्या मैत्रिणी चळवळीत माझ्या कितीतरी आधीपासून आहेत, त्यांचा वैताग मला समजतो. म्हणून उत्तर सरळच देते. नाही भरत. गाणी म्हणूनही भरत नाही, तरी आपण प्रत्येक मोर्च्यात गाणी म्हणतो. पुस्तकं वाचूनही भरत नाही, तरी वस्तीत वाचनालय निघालं की आपण आनंदानं जातो. मग चित्राशीच वाकडं का?

माझं म्हणणं असं की हे वाकडं आपण पितृसत्तेकडूनच उसनं घेतलं आहे. मुलीनं शिकावं ते उपयोगाचं शिकावं, हा तिचाच नियम. शिवण शिकली तर चार पैसे मिळतील, कॉम्प्युटर शिकली तर नोकरी लागेल. पण मुलगी हात रिकामे ठेवून कशाकडे तरी नुसती बघत उभी आहे, हे दृश्य आपल्या समाजाला सहन होत नाही. तिच्याकडे बघणारे शंभर. ती बघायला लागली की ‘टकामका काय बघतेस, मान खाली घाल!’ मुलगा नाक्यावर दोन तास उभा राहिला तर तो नाक्यावर असतो. मुलगी दहा मिनिटं उभी राहिली तर ती कुणाची तरी वाट बघत असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांच्या विनाकारण फिरण्याच्या हक्काबद्दल लिहिलं, ते आपण अभ्यासवर्गात वाचतो. विनाकारण फिरण्याचा हक्क मान्य, मग विनाकारण बघण्याचा का नाही?

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या कॉलेजांतून मी मुलींचे गट घेते. या मुलींच्या वाट्याला चित्र येतं कधी? विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घरापासून कॉलेजपर्यंतच मिळतो. बोरिवलीत राहून अंधेरीच्या कॉलेजात जाणारीचा पास अंधेरीला संपतो आणि शहरातली नावाजलेली चित्रं तिथून पुढे सुरू होतात. १९२२ साली खुलं झालेलं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९५२ची जहांगीर आर्ट गॅलरी, १९९६ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ही तिन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, काळा घोड्याला. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय तर १८७२चं. जहांगीरला आत जायला पैसे पडत नाहीत, असं मोठ्या कौतुकानं सांगितलं जातं. पडत नाहीत खरं. पण पुढचं तिकीट, जाण्यायेण्यातले दोन-अडीच तास, ‘सातच्या आत घरात’ आणि घरी काय सांगून निघायचं हा प्रश्न, या सगळ्याची किंमत कोण मोजतं? उपनगरांत नाट्यगृहं झाली. मुलुंडला कालिदास, पार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे. त्याच तोडीचं चित्रांचं एखादं ठिकाण सांगा म्हटलं की मुली एकमेकींकडे बघतात.

कॉलेजात काय मिळतं? मेंदी स्पर्धा, रांगोळी स्पर्धा, टाकाऊतून टिकाऊ. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या श्रेयांकांत सहअभ्यासक्रम आले, त्यांत दृश्यकलेलाही जागा आहे. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ठिकाणी ती जागा पुन्हा मेंदी-रांगोळीनंच भरली. मेंदी-रांगोळीला मी हलकं लेखत नाही. ती बायकांचीच कला आहे. राग याचा आहे की मुलींनी हातानं करावं एवढीच अपेक्षा असते. केलेल्याकडे बघावं, त्यावर बोलावं, मत द्यावं, हे काम परीक्षकांचं. परीक्षक बहुतेक वेळा पाहुणे म्हणून आलेले सर.

करणारी बाई आणि बोलणारा पुरुष ही वाटणी कशी होते, ते बघायला लांब जायला नको. आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारली पाडे आहेत. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा तो सवाशिणींनी. गेरू सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी, मध्ये पालघट देवी. तो विधी बायकांचा होता. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नानं ही चित्रं कागदावर आली, प्रदर्शनात गेली, विकली जाऊ लागली. आणि कागदाबरोबर हातही बदलला! जिव्या सोमा म्हसे थोर चित्रकार होते, २०११ची त्यांची पद्मश्री योग्यच होती. पण भिंतीवर होतं तोवर बायकांचं, कागदावर आलं, पैसा आला, सही आली तेव्हा बव्हंशी पुरुषांचं, ही गोष्ट कोणत्या कला-रसग्रहणाच्या वर्गात सांगितली जाते? आपल्याच अभ्यासवर्गांत तरी कुठे सांगितली जाते?

बघायला शिकणं म्हणजे चित्रकारांची नावं आणि शैली पाठ करणं नव्हे. माझ्या पदवीच्या वर्षांत मराठीच्या बाई आम्हा दहा-बारा जणींना एकदा जहांगीरला घेऊन गेल्या होत्या. त्यांची अट एकच होती. सगळं प्रदर्शन बघायचं नाही. एक चित्र निवडायचं, त्याच्यापुढे दहा मिनिटं उभं राहायचं, आणि आवडलं की नाही हे सांगायचं नाही. काय दिसतंय ते सांगायचं. पहिल्या दोन मिनिटांत बघून संपलं असं वाटतं. पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. सातव्या-आठव्या मिनिटाला कोपऱ्यातला हात दिसतो, जो इतका वेळ तिथेच होता. पुढे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात ‘निरीक्षण’ हा शब्द पेपरापेपरांत भेटला, पण असं उभं कुणी केलं नाही. आता मी सांगू शकते की या सवयीचा गृहभेटीत, केस लिहिताना फार उपयोग होतो. होतोही. पण त्या कारणानं मला तुमची संमती नको. उपयोग दाखवल्याशिवाय मुलीला दहा मिनिटं द्यायची नाहीत, याविरुद्धच तर माझं भांडण आहे.

बाईंचीच पद्धत मी कान्हेरीला वापरते. बोरिवलीच्या मुलींनी कान्हेरी सहलीला पाहिलेली असते, म्हणजे तिथे डबा खाल्लेला असतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, दात्या जोडप्यांची मोठी शिल्पं आहेत, साधारण दुसऱ्या शतकातली. पुरुषाच्या बरोबरीनं बाई उभी, कमरेला मेखला, पायांत जाड तोडे, वरचं अंग जवळजवळ उघडं. मुली आधी खुसखुसतात, ओढण्या सारख्या करतात. मी काही बोलत नाही. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. एकदा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हिनं काहीच लपवलेलं नाही, पण ही दाखवतपण नाहीये. ही नुसती उभी आहे.’ दुसरी म्हणाली, ‘आणि घाबरलेली नाहीये.’ मग जागोजागच्या ब्राह्मी लेखांवर बोलणं निघालं. त्यांत दान देणाऱ्या बायका आहेत, भिक्षुणी आहेत. कुणी लेणं कोरून दिलं, कुणी पाण्याची पोढी. म्हणजे पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वी बाईच्या हातात दान करण्याइतकी संपत्ती होती आणि तिचं नाव दगडावर घालायला कुणाची हरकत नव्हती. आजच्या किती जणींचं नाव घराच्या कागदावर आहे, हा प्रश्न मुलींनीच काढला. मला काढावा लागला नाही.

‘लपवलेलं नाही, पण दाखवत नाहीये’ हे वाक्य आपल्या चळवळीनं थोडं मनावर घ्यावं असं आहे. १९८०च्या दशकात स्त्री-संघटनांनी अश्लील जाहिरातींना, सिनेमाच्या फलकांना काळं फासलं. १९८६ मध्ये स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला. बाईचं शरीर माल विकायला वापरलं जात होतं; त्यावरचा संताप खरा होता आणि आवश्यकही. पण फासायला जितक्या लवकर शिकलो, तितक्या लवकर बघायला शिकलो नाही. उघडं अंग दिसलं की डांबर, एवढीच खूण उरली, तर डांबराचा डबा दुसऱ्याच्या हातात जायला वेळ लागत नाही. तो गेलाच. १९९६ मध्ये हुसेन यांच्या जुन्या सरस्वतीच्या रेखाटनावरून गदारोळ झाला, १९९८ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला आणि २०११ मध्ये ते लंडनला वारले. आपल्यापैकी किती गटांनी तेव्हा तोंड उघडलं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. अकबर पदमसींना १९५४ मध्ये जहांगीरमधल्या चित्रांवरून अश्लीलतेच्या खटल्याला तोंड द्यावं लागलं, ते सुटले. आणि सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कस्टम्सनं अडकवलेली त्यांची आणि सूझांची चित्रं सोडा, असं मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं हे कोर्टानं किती वेळा सांगायचं?

आणि ज्या बाईला समोर बसवून विद्यार्थी मानवी शरीर काढायला शिकतात, तिचं काय? ती कामगार आहे. घरी खोटं सांगून कामावर येणारी कामगार. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी सिनेमा तिच्यावर होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीतून तो ऐनवेळी वगळला गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. घरकामगारांच्या, अंगणवाडी सेविकांच्या मागण्या आपल्याला तोंडपाठ असतात. या बाईचा दर काय, आडोसा काय, नकाराचा हक्क काय, हे आपल्या कुठल्या ठरावात आहे?

घाटकोपरच्या मुलींना मी एक गृहपाठ देते. राजा रविवर्मांचा शिळाछापखाना मळवलीला जाण्याआधी, १८९०च्या दशकात, घाटकोपरला होता. देशभर देवघरांत जाऊन बसलेल्या त्या लुगड्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीचा मूळ पत्ता शोधायला गेलं तर तो यांच्याच स्टेशनावर निघतो. तर गृहपाठ असा, की घरातलं कॅलेंडर, देवाची तसबीर, बिस्किटाचा डबा, जिथे जिथे बाईचं चित्र आहे तिथे तिचे डोळे कुठे लागलेत ते लिहून आणा. लक्ष्मी समोर बघते, कारण तिला दर्शन द्यायचं आहे. बाकीच्या बहुतेक जणी खाली, बाजूला, आरशात किंवा बाळाकडे. मग मी रविवर्मांची शकुंतला दाखवते. तिला दुष्यंताकडे वळून बघायचं आहे, म्हणून पायात काटा रुतल्याचा बहाणा करून ती थांबली आहे. एका वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘आम्ही मोबाइल काढतो, मॅडम!’ सगळा वर्ग हसला. बघायला थांबायचं तर अजून काहीतरी काढावंच लागतं.

वर्सोव्याच्या एका मुलीला बी. प्रभांच्या चित्रातली कोळीण दाखवली होती. लांबट मानेची, सडपातळ, गप्प. ती म्हणाली, ‘छान आहे, पण ही मासळी विकू शकणार नाही. हिचा आवाजच ऐकू येत नाहीये.’ तिची आई बाजारात बसते. अमृता शेरगिल यांच्या ज्या तीन मुलींच्या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, त्याच्या छापील प्रतीपुढे हीच मुलगी गप्प झाली. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, की तिघी शेजारी बसल्यात पण एकमेकींशी बोलत नाहीयेत, यांना कुणीतरी बघायला येणार असेल. शेरगिलवर लिहिणाऱ्या जाणकारांपुढे हे वाक्य ठेवायला मला मुळीच संकोच वाटणार नाही.

आता तुमच्याकडे, म्हणजे आपल्याकडे, मागणं काय ते सांगते. रेल्वेकडे जाणाऱ्या निवेदनांत महिला डब्यांची आणि रात्रीच्या पोलिसांची मागणी असते, तिथे एक ओळ वाढवू या. कॉलेजच्या पासावर महिन्यातून एक दिवस शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊ द्या. प्राचार्यांना भेटायला गेलो की लैंगिक छळाच्या तक्रार समितीबद्दल विचारतो, त्याच भेटीत विचारू, की दृश्यकलेच्या श्रेयांकांत मुलींना एखाद्या चित्रासमोर किती वेळ उभं केलंत. आपल्या शिबिरांत पहिल्या दिवशी ओळख, दुसऱ्या दिवशी हिंसा, तिसऱ्या दिवशी कायदा असतो; एक सकाळ बघण्याला द्या, आणि नंतर ‘यातून काय संदेश मिळाला?’ असं विचारू नका. दहिसरला ‘स्पॅरो’ हे स्त्रियांविषयीच्या ध्वनी-चित्रांचं संग्रहालय आहे, १९८८ साली सुरू झालेलं. आपल्याच चळवळीची पोस्टर्स आणि छायाचित्रं आपल्या मुलींना दाखवायला चर्चगेटपर्यंत जावं लागत नाही. बोरिवलीलाच मंडपेश्वरचा नृत्य करणारा शिव आहे, जोगेश्वरीला वस्तीच्या पोटात दडलेलं सहाव्या शतकाच्या सुमाराचं लेणं आहे, अंधेरीला महाकालीची लेणी आहेत.

येत्या तिमाहीत ज्या गटांना मुली घेऊन कान्हेरीला यायचं असेल त्यांनी कळवावं. पालकांच्या नावे पत्र लागलं तर ते मी लिहून देईन, आणि त्यात सहलीचं कारण ‘शिल्पं बघणे’ एवढंच असेल. फक्त सोमवार धरू नका, त्या दिवशी उद्यान बंद असतं.